काशाचा खडक, कुलाब्याची दांडी आणि आपली बोट

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा.

निमित्त असं झालं. यंदाच्या गटारीला आपल्या नेहमीच्या ग्रुपवर नेहमीचा मेसेज आला. "१७ जुलै १९४७. रामदास बोट काशाच्या खडकावर आपटली आणि बुडाली." खाली हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी वगैरे. दरवर्षी येतो. मला राहवलं नाही. मी खाली लिहिलं की, वाचलेल्या लोकांच्या हकिकती वाचल्या तर बोट खडकावर आपटली असं दिसत नाही, ती लाटांनी आणि माणसांच्या धावपळीने कलंडली. झालं. ग्रुपमधले एक ज्येष्ठ काका आहेत, पंच्याऐंशीच्या घरातले. त्यांनी लगेच टाकलं, "तू तेव्हा जन्मला होतास का?"

नव्हतो, काका. माझा जन्म त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी झाला. पण या बंदराच्या तोंडाशी जे खडक आहेत त्यांच्याभोवती घडलेल्या बातम्या वीसेक वर्षं मी करतोय. बोट अडकली, बोट बुडाली, तेल सांडलं, लाँच बंद, लाँच सुरू. त्यामुळे वाटलं, एकदा सगळं सलग लिहून काढावं. खडकाचा दोष किती आणि माणसांचा किती, ते तुम्हीच बघा.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबई बंदर म्हणजे समुद्राने जमिनीत घातलेला मोठा खिसा. खिशाचं तोंड नैऋत्येला. तोंडाच्या एका बाजूला मुंबईचा कुलाबा, दुसऱ्या बाजूला आपला किनारा, म्हणजे मांडवा, किहीम, थळ, अलिबाग. गंमत म्हणजे दोन्हीकडे कुलाबाच. तिकडे बेटाचं नाव कुलाबा, इकडे आपल्या अलिबागच्या किल्ल्याचं नाव कुलाबा, आणि १९८१ पर्यंत आपला अख्खा जिल्हाच कुलाबा होता. अजूनही जुन्या सातबाऱ्यावर "जि. कुलाबा" दिसतो आणि मुंबईच्या बँकेतला नवीन पोरगा गोंधळतो. असो.

तर दोन्ही बाजूंनी काळा कातळ पाण्यात शिरलाय. मुंबईच्या कुलाब्याची जमीन संपते, पण खालचा कातळ संपत नाही. तो दक्षिणेकडे पाण्याखालून पुढे जात राहतो. इंग्रजांनी त्याला प्राँग्ज म्हटलं, म्हणजे काट्या-चमच्यातल्या काट्याची टोकं. आपल्या बाजूने थळचा खडक, त्याच्या बाहेर खांदेरी आणि उंदेरी, आणि अधल्यामधल्या पाण्यात सुटे सुटे दगड. रेवसच्या वाटेवरचा काशाचा खडक त्यातलाच. इंग्रजी कागदांत त्याला गल आयलंड म्हणतात.

आता हे खडक धोक्याचे का, तर ते दिसतात आणि दिसत नाहीत. मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे जवळजवळ दीड मजला. ओहोटीला कुलाब्याहून प्राँग्जच्या दीपस्तंभापर्यंत पायी जाता येतं, इतका कातळ उघडा पडतो. सहा तासांनी त्याच जागी नुसतं पाणी, फार तर फेसाची एक रेघ. कायम बाहेर असलेल्या दगडाला कुणी भीत नाही, लांबूनच वळसा घालतात. अर्धा दिवस दिसणारा आणि अर्धा दिवस लपणारा दगड मात्र परक्या माणसाला फसवतो.

त्यात पावसाळा. नैऋत्येचा वारा आणि नैऋत्येच्या लाटा थेट या तोंडातून आत घुसतात. खोल समुद्रात लांबलचक, संथ वाटणारी लाट उथळ कातळावर आली की तिचा पाय अडतो, ती उभी राहते आणि फुटते. म्हणजे खडकाला बोट टेकली नाही तरी खडकाजवळचं पाणीच वेगळं असतं. हे आपल्या कुठल्याही तांडेलाला विचारा, तो हाताने लाट उभी करून दाखवेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांना हे पाणी माहीत होतं त्यांना हेच खडक उपयोगी पडले, हेही सांगायला हवं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर माणसं उतरवली. मायनाक भंडारी यांनी तिथे तटबंदीचं काम सुरू केलं आणि मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. बरोबरच आहे, बंदराच्या तोंडावर दुसऱ्याचा किल्ला झाला तर आतला माणूस कोंडला. त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण इंग्रजांची जहाजं जड, पाण्यात खोल बसणारी, वाऱ्यावर अवलंबून. आपल्या लोकांच्या होड्या हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या, किनाऱ्याच्या खाड्यांतून रात्री निघून दगडांच्या मधून बेटावर रसद पोचवणाऱ्या. ऑक्टोबरात दौलतखानाचं आरमार बाहेर पडलं, त्या लढाईत इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी आपल्याकडेच राहिली. खडक तेच, पाणी तेच. वाट कुणाला ठाऊक आहे, एवढाच फरक होता.

पुढे मुंबई वाढली, मोठी जहाजं यायला लागली, आणि त्यांच्या कप्तानांना ही वाट ठाऊक नसायची. कुलाब्याच्या टोकाला, जुने लोक ज्याला कुलाब्याची दांडी म्हणत तिथे, अठराव्या शतकापासून एक दीपगृह होतं. पण ते जमिनीवर होतं आणि खडक त्याच्याही पुढे पाण्यात. जून १८४० मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि लॉर्ड कॅसलरे ही दोन जहाजं एका पाठोपाठ एक या कुलाब्याच्या खडकांवर गेली. पहिल्या जहाजावर विलायतेहून आलेले फौजेतले नवे रंगरूट होते. किनारा दिसतोय, दिवा दिसतोय, आणि माणसं बुडतायत, असं ते दृश्य होतं. मुंबईत त्याचा मोठा बोभाटा झाला.

तरी पाण्यातला दीपस्तंभ व्हायला आणखी पस्तीस वर्षं गेली. मधल्या काळात कापसाचा व्यापार फुगला, १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आगबोटींची रांग लागली, १८७३ साली बंदराचा कारभार पाहायला पोर्ट ट्रस्ट झाला. आता एकेका जहाजाच्या पोटात लाखोंचा माल. मग पैसा निघाला. १८६७ मध्ये खांदेरीवर दीपगृह झालं. १८७५ मध्ये थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने प्राँग्जच्या कातळावर ४१ मीटर उंचीचा स्तंभ उभा केला. खर्च ६ लाख २० हजार २५५ रुपये, त्या काळचे. लाल, पांढरा, काळा असे आडवे पट्टे असलेला तो खांब तुम्ही मांडव्याच्या बोटीतून शंभर वेळा पाहिला असेल. ओहोटीच्या काही तासांपुरता उघडा पडणाऱ्या दगडावर, खारं पाणी अंगावर घेत हे काम झालंय. ते दगड घडवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, ऑर्मिस्टनच्या नावाचा रस्ता मात्र कुलाब्यात होता. मग १८८४ साली बंदराच्या आत सन्क रॉकवर, म्हणजे नावातच बुडालेल्या खडकावर, आणखी एक दीपस्तंभ झाला.

सतरा वर्षांत तीन दिवे. इंग्रजांना मी उगाच शिव्या देणार नाही, काम चोखच केलं. दिवा काय, सगळ्यांनाच दिसतो. मच्छीमारालाही दिसतो. पण सोय कुणाच्या हिशोबाने झाली हेही दिसतं. खोल पाण्यातून डॉककडे जाणाऱ्या मोठ्या आगबोटीचा विचार झाला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, धरमतरला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटीवर काय असावं, ती कुठल्या हवेत सुटावी, ती वेळेत पोचली नाही तर कुणाला कळावं, हे प्रश्न तसेच राहिले.

आता रामदास.

कोकण किनाऱ्यावर परदेशी कंपन्यांची मक्तेदारी मोडायला स्वदेशीच्या जोशात आपल्या लोकांनी जी बोट कंपनी काढली, तिची ही बोट. प्रवाशांना आपली वाटावी म्हणून नावं संतांची. रामदास १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, १७९ फूट लांब. म्हणजे लहानसहान लाँच नव्हती. खडकाच्या नावावर सगळं ढकलताना लोक विसरतात की, याच कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच एकदा शिकायला मिळालं होतं.

१७ जुलै १९४७, गुरुवार. अमावास्या लागत होती, दुसऱ्या दिवशी श्रावणाची चाहूल. गटारीला गावी पोचायचं म्हणून मुंबईतल्या गिरण्यांतले, गोदीतले, घरकाम करणारे आपल्या भागातले लोक सकाळीच भाऊच्या धक्क्यावर. कुणाच्या हातात पोराबाळांसाठी खाऊ, कुणाच्या पिशवीत दुसऱ्या दिवशीचा बेत. सगळे मिळून सातशेच्या आसपास माणसं. सकाळी आठच्या सुमारास बोट सुटली. दीड तासाचा प्रवास, रेवस.

धक्का सोडला तेव्हा हवा फार वाईट नव्हती, असं सांगतात. बंदराच्या आडोशातून बाहेर आल्यावर पाऊस आणि वारा वाढला. काशाच्या खडकाच्या आसपास बोट आली. वर सांगितलं ते पाणी इथलंच. बाजूने मोठी लाट आली, पाणी आत शिरलं, बोट एका अंगाला झुकली. आत बसलेली माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला धावली. आता तुम्ही होडीत बसला असाल तर पुढचं सांगायला नको. शे-दोनशे माणसांचं वजन क्षणात इकडचं तिकडे, आणि वरून पुढची लाट. बोट कलंडली आणि बघता बघता गेली. सुटून तास झाला नव्हता.

म्हणून मी म्हणतो की खडकावर आपटली हे खरं नाही. खडकाजवळच्या पाण्यात कलंडली. "पण त्यात काय एवढं, माणसं गेली ती गेलीच ना?" असं एकाने मला ग्रुपवर विचारलं. फरक आहे. आपटली म्हटलं की विषय संपला, दगडावर खटला भरता येत नाही. कलंडली म्हटलं की प्रश्न सुरू होतात. जुलै महिन्यात, उधाणाच्या दिवशी, ही बोट या वाटेने का गेली? माणसं एका बाजूला धावू नयेत म्हणून त्यांना कुठे आणि कसं बसवलं होतं? लाइफ जॅकेटं किती होती आणि कुठे होती? वाचलेल्यांच्या हकिकतींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, की जे थोडं तरंगणारं सामान हाती लागलं त्यासाठी झोंबाझोंबी झाली.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं.

टायटॅनिक बुडाली १९१२ साली. तिच्यावर बिनतारी यंत्र होतं, म्हणून दुसरं जहाज धावून आलं आणि सातशेवर माणसं जिवंत घरी गेली. त्यानंतर ३५ वर्षांनी, मुंबईसारख्या बंदराच्या तोंडात, सातशे माणसं घेऊन जाणाऱ्या बोटीवर ते नव्हतं. बोट सकाळी बुडाली आणि मुंबईला पत्ता नाही. प्राँग्जचा दिवा तिकडे उभा, खांदेरीचा दिवा इकडे उभा, आणि मधल्या पाण्यात शेकडो माणसं तासन्‌तास हातपाय मारतायत. रेवसच्या बाजूने वाट बघणाऱ्यांना वाटलं असेल, बोटीला उशीर झाला. पावसाळ्यात होतोच.

बातमी कुणी आणली, तर आपल्या अलिबागच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने. एका तरंगणाऱ्या कड्याला धरून तो वाहत वाहत दुपारी गेटवेला लागला, आणि त्याने सांगितल्यावर मुंबईला कळलं. माझा एक अंदाज सांगतो, अंदाजच आहे. अमावास्येच्या सुमाराला मुंबईला भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते. म्हणजे सकाळी बोट बुडाली तेव्हा पाणी बंदरात शिरत होतं. त्याच ओघाने त्या पोराला आत आणलं असणार. ओहोटी असती तर तो बाहेर खोल समुद्रात गेला असता, आणि मग ती बातमी कुणी आणि कधी दिली असती कुणास ठाऊक. एवढ्या मोठ्या बंदराची सगळी यंत्रणा त्या दिवशी एका पोराच्या कड्यावर आणि भरतीवर चालली.

दुसरी मदत केली ती आपल्या कोळ्यांनी. रेवसच्या बाजूचे मचवे मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. माणसं पाण्यात दिसल्यावर त्यांनी टोपल्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि जागा करून माणसं वर ओढली. गटारीच्या दिवसाची मासळी, म्हणजे वर्षातला चांगला भाव मिळणारा माल. जे वाचले त्यांतले बरेचसे या मचव्यांमुळे वाचले. त्यांना कुणी संदेश पाठवला नव्हता. ते तिथे होते म्हणून होते.

गेलेल्यांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो, सहाशेच्या वर गेले एवढं नक्की. माझी आजी सांगायची की पुढे कित्येक दिवस किनाऱ्यावर प्रेतं येत होती आणि आमच्या घरात महिनाभर मासळी शिजली नाही. त्यानंतर २९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला. झेंडे लागले, मिठाई वाटली गेली, आणि पेपरांची पानं फाळणीच्या बातम्यांनी भरली. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्या १५ ऑगस्टला महिनाही उलटलेला नव्हता.

एक गोष्ट तुम्हीही अनुभवली असेल. आपल्याकडे दर दुसऱ्या घरात रामदास चुकलेला एक माणूस असतो. कुणाचे आजोबा चपलेचा अंगठा तुटला म्हणून राहिले, कुणाच्या आत्याला ताप आला. हे सगळे त्या बोटीत बसायला निघाले होते असं मानलं तर रामदास विलायतेला जाणाऱ्या आगबोटीएवढी असायला हवी होती. हसू येतं, पण त्याचं कारणही आहे. ज्यांची बोट चुकली त्यांनी गोष्टी सांगितल्या. ज्यांची चुकली नाही त्यांच्या घरात बऱ्याचदा गोष्ट सांगणारंच कुणी उरलं नाही.

आता जरा अलीकडे येऊ.

७ ऑगस्ट २०१० आठवतो का? एमएससी चित्रा हे कंटेनरचं जहाज न्हावाशेव्याहून बाहेर चाललं होतं, खलिजिया आत येत होतं, आणि बंदराच्या तोंडाशी दोघांची टक्कर झाली. हे खलिजिया आदल्याच महिन्यात प्राँग्जच्या भागात रुतून बसलं होतं आणि तिथून सोडवून आणलेलं. चित्रा एका कुशीवर झुकलं, कंटेनर खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे पाण्यात पडले, शेकडो टन तेल सांडलं. मुंबई आणि न्हावाशेवा ही देशातली दोन मोठी बंदरं काही दिवस जवळपास ठप्प. का? तर वाट अरुंद आहे. दोन्हीकडे कातळ आणि उथळ पाणी, मधून खोदलेला एकच मार्ग, त्यात तरंगणारे कंटेनर. रडार होतं, वायरलेस होतं, दोन्ही जहाजांवर अनुभवी माणसं होती. तरी एकमेकांशी नीट बोलणं झालं नाही.

त्या आठवड्यात मी किनाऱ्यावर बातमीसाठी फिरत होतो. वाळूवर काळी चिकट साय, तिवरांच्या मुळांना तेल. एका कोळणीने मला पाटी दाखवली, मासळी ताजी, वासही नव्हता, पण गिऱ्हाईक नाही. समुद्रातलं खाऊ नका, असं टीव्हीवर सांगत होते. तिचं म्हणणं साधं होतं, "जहाज त्यांचं, तेल त्यांचं, आणि उपाशी आम्ही का?" मी छापलं. उत्तर कुणाचं आलं नाही.

मग १४ मार्च २०२०. गेटवेहून मांडव्याला येणारी प्रवासी बोट धक्का जवळ आला असताना बुडायला लागली. खडकाला धडकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्यात ८८ माणसं होती आणि ८८ च्या ८८ वाचली, कारण गस्तीवर असलेली सागरी पोलिसांची बोट जवळ होती आणि त्यावरच्या माणसांनी जिवाची पर्वा न करता लोकांना उचललं. त्यांना सलाम. पण वाचताना तुम्हालाही १९४७ चे मचवे आठवले असतील. तेव्हाही जे जवळ होते ते धावले, आताही जे जवळ होते ते धावले. दहा दिवसांत लॉकडाऊन लागला आणि ही बातमी सगळे विसरून गेले. १९४७ मध्ये स्वातंत्र्याने झाकली, २०२० मध्ये करोनाने.

डिसेंबर २०२४ मधली एलिफंटाच्या वाटेवरची दुर्घटना तर ताजी आहे. तिथे खडकाचा काही संबंध नव्हता, नौदलाची वेगातली बोट येऊन प्रवासी बोटीवर आदळली, १५ जण गेले. तिचा उल्लेख एवढ्यासाठी करतोय की, त्यानंतर पहिला प्रश्न तोच निघाला जो रामदासनंतर निघाला होता. लाइफ जॅकेटं किती जणांच्या अंगात होती?

त्यानंतर काही आठवडे प्रत्येकाला जॅकेट घालायला लावत होते. मग हळूहळू सैल झालं. मध्यंतरी मी एका लाँचने येत होतो, कुठली ते सांगत नाही. जॅकेटं वर छताला, नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली. खलाशाला म्हटलं, सोडून ठेव की जरा. तो म्हणाला, "साहेब, सोडली की लोक उशाला घेतात, मळवतात, एक-दोन तर घरी घेऊन जातात." खोटं बोलत नव्हता तो. आम्ही काय कमी आहोत? बाजूला बसलेल्या कुटुंबाने मला विचारलं, "काय हो, काही धोका आहे का?" मी नाही म्हटलं. तेवढ्यात डावीकडे खडकावर फुटणारी पांढरी रेघ दिसली, आणि तिचा त्यांच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद ठेवतात. लोक कुरकुरतात, मीही कुरकुरतो, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की जास्तच. पण हा एक नियम असा आहे की, ज्याच्या मागे जुलै महिन्यातल्या त्या पाण्याची किंमत मोजलेली आहे. बाकीच्या गोष्टींचा आग्रह आपण तेवढा धरत नाही. किती माणसं चढली ते मोजलं का, जॅकेटं हाताला येतील अशी आहेत का, बोटीचा धक्क्याशी संपर्क आहे का. तिकिटाच्या खिडकीवर आपण सुट्ट्या पैशांवरून भांडतो, हे विचारत नाही.

आता काकांचं.

पोस्ट टाकायच्या आधी मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, तुम्ही रागावलात, पण मी हे सगळं लिहितोय, चुकीचं असेल तर सांगा. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे वडील होते रे त्या बोटीत." मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ओळख आहे, कधी बोलले नाहीत. ते तेव्हा सात वर्षांचे होते. वडील गोदीत कामाला. प्रेत मिळालं नाही. "आई शेवटपर्यंत म्हणायची, काशाच्या खडकाने खाल्ली बोट. दगडाला शिव्या घालायची. कुणी चुकलं असं तिला सांगायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तरी तिने काय केलं असतं? दगड समोर दिसायचा तरी."

मी म्हटलं, मग हे टाकू की नको? ते म्हणाले, "टाक. पण आईचंही लिही."

लिहिलं.

काकांशी बोलल्यावर एक ठरवलंय. आपल्या भागातून त्या बोटीत कोण कोण होतं, त्याची गाववार यादी करायची. चुकलेल्यांची नको, बसलेल्यांची. तुमच्या घरात, आळीत, देवळात कुणाला माहीत असेल तर नाव, गाव, त्यांचं तुमच्याशी नातं, आणि वाचले की गेले, एवढं कळवा. फोटो असेल तर उत्तम, नसेल तरी चालेल. नाव नक्की आठवत नसेल तर घराण्याचं नाव सांगा. शनिवारी दुपारी तीननंतर मी ऑफिसला असतो, ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी सरळ येऊन सांगावं. वहीच्या पहिल्या पानावर काकांच्या वडिलांचं नाव लिहिलंय, खाली जागा आहे.